इराण्याची फॅमिली रूम आणि वाण्याची वही

माहेरी गेल्यावर पहिला दिवस कसा जातो, ते मी तुम्हांला सांगायला नको. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही काय करता? पायांत चपला सरकवता आणि "आई, जरा खाली जाऊन येते गं," म्हणून बाहेर पडता. घ्यायचे काहीच नसते. कासाराच्या दुकानाशी घटकाभर थांबायचे, वाण्याने "केव्हा आलात ताई? मुलं केवढी झाली?" म्हणून विचारायचे, लहानपणी ज्या बाकावर बसून पीयूष प्यायलो तिथे एकदा डोकावायचे, की झाले! माहेरपण पुरे झाल्यासारखे वाटते. माहेर म्हणजे नुसते घर नव्हे. घराखालचा रस्ताही त्यात धरावा लागतो.

आणि मग एखाद्या वर्षी जावे, तर तो रस्ताच आपल्याला ओळखत नाही.

माझे माहेर मुंबईचे, गिरगावातले. लग्न होऊन मी सांगलीला आले आणि मागोमाग माहेरच्यांनीही गिरगावातली खोली सोडून डोंबिवली गाठली. आई आता पंच्याऐंशीची आहे. सकाळी काय जेवली ते दुपारी आठवत नाही, पण गिरगावातले सगळे आठवते. २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो गिरगावातून धावू लागली, हे तिने टी.व्ही.वर पाहिले आणि माझ्यामागे टुमणे लावले, "एकदा मला घेऊन चल." दिवाळीनंतर घेऊन गेले. डोंबिवलीहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तिथून मेट्रोने काळबादेवी आणि पुढचे स्टेशन गिरगाव. गाडीत बसल्या बसल्या आईचे बेत चालले होते. "आधी वाण्याकडे जाऊ. मेतकूट घ्यायचंय, आणि त्याचे सतरा रुपये द्यायचे राहिलेत. मग पाय दुखलेच तर इराण्याकडे फॅमिली रूममध्ये बसू."

सरकत्या जिन्याने वर आलो. आईने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, माझा हात घट्ट धरला आणि विचारले, "अगं, आपण उतरायचं चुकलो का?"

चुकलो नव्हतो. पण वाणी नव्हता, आणि इराणीही नव्हता.

मैत्रिणींनो, तुमचे माहेर नाशिकचे असेल, नागपूरचे असेल, नाहीतर एखाद्या तालुक्याच्या गावचे असेल. असा एक तरी क्षण तुमच्याही वाट्याला आलाच असेल. म्हणून आज जरा निवांत बसून बघू या, की आपल्या रस्त्यावरून नेमके गेले काय, कसे गेले, आणि त्यातले काही आपल्या हाती राहिले आहे का.

खोली दीड, घर रस्ताभर

ज्यांनी गिरगाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दक्षिण मुंबईतली ही मराठी माणसांची जुनी वस्ती. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, खोताची वाडी अशी वाड्यांची नावे. ऐकून वाटावे, कोकणातच आलो! इथल्याच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. चाळीतली बिऱ्हाडे बहुधा दीड खोलीची. त्यात सहा-सात माणसे, शिवाय गावाहून शिकायला आलेला एखादा भाचा.

आता गृहिणीच्या नजरेने विचार करा. दीड खोलीत वर्षाचे धान्य ठेवणार कुठे? आलागेला पाहुणा बसवणार कुठे? नानकटाई भाजायला भट्टी कुठून आणणार? तेव्हा वाण्याचे दुकान हेच आमचे कोठीघर होते. इराण्याचे हॉटेल हा आमचा दिवाणखाना. बेकरीवाल्याची भट्टी ती आमची भट्टी. तूप-साखर-मैदा घरून न्यायचा आणि पत्र्यावर भाजलेली नानकटाई डब्यात भरून आणायची. पिठाची गिरण म्हणजे तर वर्तमानपत्रच! कुणाच्या घरी काय शिजते आहे आणि कुणाचे कुणाशी बिनसले आहे, ते पीठ दळून होईपर्यंत समजे. पहाटे दुधाच्या केंद्रावर रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊन रांग. दारावर कल्हईवाला आला की भांडी काढायची, आणि त्या चकचकीत पातेल्यात तोंड बघायचे.

दहा मिनिटे चालले की कासार, शिंपी, काष्ठौषधीवाला, पंचे-धोतरांचे दुकान, सोनार, पुस्तकवाला, सगळे मिळे. आणि तो प्रत्येक माणूस आपल्याला ओळखे. कासार हात हातात घेऊनच सांगे, "आई अडीचची भरतात, तुम्हांला सव्वादोनच्या होतील." माप लिहून ठेवायची गरजच नव्हती.

आता तुमच्या लक्षात येईल, की दुकान बंद झाले म्हणजे आमच्या घराचाच एक भाग पडला. मोठ्या फ्लॅटात राहणाऱ्याला ही गोष्ट चटकन कळायची नाही.

पडद्यामागचे टेबल

इराण्याचे हॉटेल बहुधा कोपऱ्यावर असे. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून आपले लोक घेत नसत, आणि इराण्यांना तसली शंका नव्हती, म्हणून कोपरे त्यांना मिळाले, असे सांगतात. काही का असेना, दोन रस्त्यांना तोंड, त्यामुळे उजेड भरपूर. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला मोठाले आरसे, गल्ल्यापाशी बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. ब्रून मस्का, खारी, मावा केक आणि बशीत ओतून प्यायचा पाणी-कम चहा.

पण बायकांना त्या मोठ्या दालनात बसायची चोरी होती. बायकांसाठी असे ती 'फॅमिली रूम'. कुठे पोटमाळ्यावर, कुठे लाकडी आडोशामागे, झुलत्या दाराच्या नाहीतर पडद्याच्या आड दोन-चार टेबले. माणसे आत गेली की वेटर पडदा ओढून घेई.

माझ्या आईची ती जागा फार आवडीची होती. महिन्यातून एकदा भुलेश्वरला खरेदीला गेली की परतताना ती मला घेऊन तिथे शिरे. एक चहा, एक ब्रून मस्का, माझ्यासाठी मावा केक. तिथे सासूबाई नसत, शेजारीण नसे, स्टोव्हवर काही उकळत नसे. आई पंख्याखाली पाय लांब करून बसे आणि काही बोलत नसे. मला तेव्हा वाटे, आई रागावली आहे का? आज साठीला आल्यावर कळते, ती रागावलेली नव्हती. ती नुसती बसलेली होती. दिवसभरात आणि महिन्याभरात तिला नुसते बसायला मिळत होते ते तेवढेच.

त्या आडोशामागे आणखी काय काय होई! मुलगी 'सहज' दाखवायला आणलेली असे. जावेच्या जाचाने टेकीस आलेली एखादी सून माहेरच्या भावाशी हलक्या आवाजात बोलत असे. नोकरी करणारी मुलगी पहिल्या पगाराचा केक आईला खिलवत असे.

इराण्याखेरीज मराठी उपाहारगृहे होती, ती निराळ्या चवीची. साबुदाणावडा, थालीपीठ, कोथिंबीरवडी, मिसळ, पीयूष. उपास असला तरी बाहेर खाता येई, हा बायकांना मोठाच आधार. आणि होत्या खानावळी. खोताच्या वाडीतले अनंताश्रम मासळीच्या जेवणासाठी प्रसिद्ध होते. तिथे जेवणाऱ्याने गप्पा मारत रेंगाळायचे नाही, जेवून उठायचे, अशी शिस्त. लोक ती शिस्त मुकाट्याने पाळत आणि पुन्हा जात. आता तेही बंद झाले.

मुंबईत एकेकाळी इराण्यांची हॉटेले शेकड्यांनी होती. आता उरली ती मोजकी. धोबीतलावाला कयानी आणि बस्तानी अशी दोन हॉटेले अगदी समोरासमोर. १९०४ सालचे कयानी अजून चालू आहे. बस्तानीला कुलूप लागून वर्षे झाली.

त्या चवीमागचे हात

बाजार म्हटला की गल्ल्यावर बसलेला पुरुष आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण त्या बाजाराची चव बऱ्याचदा बायकांच्या हातची असे, हे आपण विसरतो.

लिज्जत पापड तुमच्या घरात असेलच. तो गिरगावातला, हे ठाऊक आहे का? १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. संसार सांभाळून चार पैसे मिळावेत, एवढाच हेतू. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

तीच गोष्ट खानावळींची. परळ-लालबागकडे गिरणीत काम करणारे पुरुष गावी बिऱ्हाड ठेवून एकटे राहत. त्यांना दोन वेळचे जेवण घालायचे काम कामगारांच्याच बायका करत. चुलीपुढे दिवस जाई, आणि किराणा भरायला सावकाराचे व्याज डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून देण्याची खटपट केली. तोवर कोणत्याही कागदावर त्या 'धंदा करणाऱ्या' नव्हत्याच. नुसत्या 'रांधणाऱ्या' होत्या.

आमच्या वाडीतल्या एक विधवा काकू उपाहारगृहाला रोज पुरणपोळ्या आणि चकल्या पुरवत. दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव कधी आले नाही. उपाहारगृह बंद झाले तेव्हा लोक हळहळले ते मालकासाठी. काकूंचे काय झाले, हे कुणी विचारले नाही. आम्हीसुद्धा नाही.

वाण्याची वही

आता आमच्या वाण्याची गोष्ट सांगते. ती सांगायची मला थोडी लाजच वाटते, पण सांगते.

वाणी कच्छी होता. सगळे त्याला शेठ म्हणत. दुकान एवढेसे, पण सामान काय ते विचारू नका. घरचे मेतकूट करून तो बरणीत ठेवी. लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत प्रत्येक बिऱ्हाडाचे पान होते. महिन्याला पगार झाला की पान चुकते करायचे.

माझे वडील गिरणीत कारकून होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, आणि कामगार जवळजवळ अडीच लाख. संप कामगारांचा होता खरा, पण गिरणीच बंद म्हटल्यावर कारकुनाला तरी पगार कोण देणार? पहिला महिना गेला, दुसरा गेला. आईच्या पाटल्या गेल्या. तिसऱ्या महिन्यात आईने वाण्याकडे जायचेच टाळले. मला पाठवले, आणि बजावले, "तांदूळ एक किलो सांग. जास्त नको."

शेठने पाच किलो बांधले. तूरडाळ बांधली, तेल दिले, आणि न मागता मेतकुटाची पुडी टाकली. मी म्हटले, "एवढं नाही सांगितलं आईनं." तर म्हणाला, "बेटा, चोपडीत लिहितो ना. वहिनीला सांग, गिरणी बंद हाय, दुकान बंद नाय."

जवळजवळ वर्षभर आमचे पान असे वाढत गेले. त्याने एकदाही पैसे मागितले नाहीत, आणि चारचौघांत विषयही काढला नाही. वडिलांना दुसरीकडे नोकरी लागल्यावर आईने थोडे थोडे करून ते फेडत आणले.

आणि मग आम्ही काय केले, ते ऐका. हातात पैसे खेळू लागल्यावर ग्राहक भांडारात सामान स्वस्त मिळते, असे कुणीतरी सांगितले. खरेच स्वस्त होते. महिन्याचे सामान आम्ही तिथून भरू लागलो. वाण्याकडे जायचे ते काडेपेटीला, हिंगाच्या डबीला, नाहीतर अचानक पाहुणे आले म्हणून पाव किलो साखरेला. भांडाराची पिशवी घेऊन त्याच्या दुकानावरून जाताना आई पदर पुढे ओढून घेई आणि मी पलीकडच्या फुटपाथवर नजर लावी. त्याला काय दिसत नव्हते? पण भेटला की हसून म्हणे, "सगळं ठीक ना वहिनी?"

डोंबिवलीला जाताना शेवटचा हिशेब करायचा होता. सामानाच्या गडबडीत सतरा रुपये राहिले. शेठ म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गिरगावात याल तेव्हा द्या." ते द्यायला आम्ही गेलोच नाही.

कुणी बंद केली ही दुकाने?

कारणे शोधायला बसले की पुष्कळ सापडतात, आणि ती खोटीही नाहीत.

मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळेच तर पाच-पन्नास रुपये भाड्याच्या जागेत लहान दुकान पिढ्यान् पिढ्या टिकले. पण तेवढ्या भाड्यात मालक दुरुस्ती कशाला करील? इमारती खंगत गेल्या. मग एक तर त्या पडल्या, नाहीतर पाडून टॉवर झाले. टॉवरखालच्या गाळ्याचा खर्च चहा-ब्रूनच्या पैशांत कसा निघावा?

दुसरे, गिऱ्हाईकच उठून गेले. मुलांची लग्ने झाली, दीड खोलीत दोन संसार मावेनात. लोक बोरिवलीला, ठाण्याला, डोंबिवलीला गेले. ३१ मार्च १९६४ ला मुंबईतली ट्राम बंद झाली होती. पुढे गाड्या वाढल्या आणि रमतगमत चालायचा रस्ता नुसता ओलांडायचा रस्ता झाला. गिरणी-संपानंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत.

सिनेमागृहांचेही तेच. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. ते मॅजेस्टिक पाडले आणि तिथे दुकानांची इमारत झाली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, पुढे व्हिडिओ आला. सिनेमा घरात आला, आणि सिनेमाच्या आधी-नंतर चालणारी भेळ, वडा, कुल्फी यांचे गिऱ्हाईक कमी झाले. त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट म्हणजे ऑपेरा हाऊस. वर्षानुवर्षे बंद पडलेले हे नाट्यगृह दुरुस्त होऊन २०१६ साली पुन्हा उघडले. म्हणजे मनात आणले तर वाचवता येते!

कधी कधी कारण अगदी चांगलेही असते. शेठची मुले शिकली, इराण्याच्या मुली डॉक्टर झाल्या. पहाटे चारला उठून भट्टी पेटवायची, तर त्यांनी का? आपण आपल्या मुलांना हेच सांगत नाही का, "शिका, असले कष्ट तुम्हांला नकोत"?

पण या सगळ्या कारणांत एक कारण आपणही आहोत, हे कबूल करायला हवे. दुकानाला कुलूप लागले की आपण हळहळतो, फोटो काढतो, "अरेरे, किती छान होतं" म्हणतो. अहो, पण शेवटचे आपण तिथे गेलो होतो केव्हा? आणि घेतले काय? काडेपेटी!

सगळेच काही सोन्याचे नव्हते

जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. फॅमिली रूमचा पडदा मला आठवतो तसा तो का होता हेही आठवते. बाईने चारचौघांत बसून चहा पिणे हलके समजत, म्हणून तो पडदा होता. आमच्या आजीने जन्मात कधी हॉटेलची पायरी चढली नाही. कुणाच्या हातचे खायचे आणि कुणाच्या नाही, याची तिची यादी भलीमोठी होती. वाण्याची उधारी आम्हांला तारून गेली, पण उधारीपायी मिळेल त्या भावाने, मिळेल तो माल घेणारी बिऱ्हाडेही मी पाहिली आहेत. पान मोठे झाले की तोंड लहान होते.

आज माझी मुलगी पुण्यात एकटी हॉटेलात शिरते, खिडकीजवळचे टेबल निवडते आणि कॉफी मागवून दोन तास काम करत बसते. तिला कुणी 'बरोबर कोण आहे?' म्हणून विचारत नाही. ही गोष्ट मी कुठल्याही मावा केकवर ओवाळून टाकणार नाही.

तरीही एक हिशेब लागत नाही. तिला तिथे कुणी अडवत नाही, तसे कुणी ओळखतही नाही. एखादा महिना तिच्याकडे पैसे नसले, तर तिथला कुणी म्हणेल का, "दुकान बंद नाही"?

आपल्या हातात काय आहे?

हळहळून उपयोग नाही. गृहिणी म्हणून आपल्याला करता येण्यासारख्या पाच गोष्टी सुचतात, त्या सांगते.

१. आईला, सासूबाईंना, आत्याला समोर बसवून त्यांच्या बाजाराचा नकाशा काढा. एक मोठा कागद घ्या, रस्ता आखा, आणि "इथे काय होतं?" म्हणून विचारत चला. एक दुकान आठवले की शेजारचे आपोआप आठवते. नातवंडांना लिहायला बसवा. हे उद्यावर टाकू नका.

२. जुन्या पिशव्या, बिले, मिठाईचे खोके, लग्नाच्या बस्त्याची पावती सापडली तर फेकू नका. त्यावर दुकानाचे नाव-पत्ता असतो. पाठीमागे वर्ष लिहा आणि एका फाइलीत ठेवा.

३. बंद पडलेल्या दुकानाची चव आठवणाऱ्याला घटक विचारा. प्रमाण नाही सांगता आले तरी चालेल. "त्यात जायफळ असायचं," एवढे कळले तरी पुष्कळ आहे. बाकी आपल्या हाताला कळते.

४. गावातले जे जुने दुकान अजून उघडे आहे, तिथून महिन्याला निदान एक मोठी खरेदी करा. सणाचे सामान, वर्षाचा मसाला, नाहीतर मुलांचे गणवेश. मालकाला दुकान कधीचे ते विचारा. बघा, कसा खुलतो!

५. आणि चवीमागचे हात विचारा. पोळी कोण करते, पापड कुणाच्या घरून येतो, हे कळले तर सणावाराला मागणी थेट त्या बाईकडेच द्या.

शेठच्या दुकानचे मेतकूट

आईने परतीच्या गाडीत सांगितले, तसे करून पाहिले. जमले आहे.

साहित्य : हरभऱ्याची डाळ १ वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, तांदूळ पाव वाटी, गहू पाव वाटी, धने २ चमचे, जिरे १ चमचा, मेथ्या अर्धा चमचा, मोहरी अर्धा चमचा, सुक्या मिरच्या ३-४, सुंठपूड अर्धा चमचा, हळद अर्धा चमचा, हिंग पाव चमचा, आणि किसलेले जायफळ चिमूटभर.

कृती : डाळी, तांदूळ, गहू निरनिराळे, मंद आंचेवर खमंग भाजा. घाई केलीत तर डाळ वरून करपते आणि आत कच्ची राहते. मग धने, जिरे, मेथ्या, मोहरी, मिरच्या जराशा गरम करून घ्या. मेथ्या लालसर झाल्या की लगेच उतरवा, नाहीतर सगळे मेतकूट कडू होईल. सगळे पुरते गार झाल्यावर बारीक दळा, चाळा, आणि हळद, हिंग, सुंठ, जायफळ मिसळून कोरड्या बरणीत भरा. मऊ भात, वर साजूक तूप आणि मेतकूट. आजाऱ्यालाही चालते आणि रुसलेल्यालाही.

सतरा रुपये

त्या दिवशी गिरगावात आम्ही शेठचा ठावठिकाणा खूप शोधला. रस्त्याच्या पलीकडे एक जुना शिंपी अजून मशीन घेऊन बसलेला होता. तो म्हणाला, "शेठ जाऊन खूप वर्षं झाली. पोरं कुठे गेली, माहीत नाही." आईने रुमालाच्या गाठीत आणलेले सतरा रुपये तसेच परत बांधले. मग टॅक्सी करून धोबीतलावाला कयानीत गेलो. ब्रून मस्का आणि चहा मागवला. आई चारचौघांत, रस्त्याकडे तोंड करून बसली. पडदा नव्हता. तिने पाय लांब केले आणि काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

निघताना तिने तो रुमाल माझ्या हातात दिला. "तू दे," म्हणाली.

सांगलीला आल्यावर पहिल्या तारखेला आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे गेले. इतकी वर्षे त्याच्याकडून मी काय घेत होते? काडेपेटी, हिंग, पाव किलो साखर. त्या दिवशी महिन्याची सगळी यादी त्याच्यापुढे ठेवली. तो यादीकडे बघतच राहिला. म्हणाला, "वहिनी, पाहुणे येणार आहेत का?" मी म्हटले, "नाही हो. घरातलंच आहे."

परवा आईचा फोन आला. बाकी सगळे विसरली होती, पण तेवढे विचारलेच : "अगं, वाण्याचे पैसे दिलेस का?"

"देतेय गं आई," मी म्हटले, "दर महिन्याला थोडे थोडे."